मिस्त्रींची शहाणी खिडकी

पावसाळ्यात दार फुगलं म्हणून बोलावलं, तर आमचे शेजारी महादेव मिस्त्री येत नाहीत. आपल्या अंगणातूनच ओरडतात, "नवरात्रापर्यंत थांबा!" बुलढाण्यात सुतार पुष्कळ आहेत, पण गिऱ्हाइकाला परत पाठवणारा हा एकच.

"रंधा काऊन मारता त्याले? लाकडाले तहान लागली, पाणी पिऊन फुगलं. हिवाळ्यात उतरते आपोआप. आज तासलं तर दिवाळीत फटीतून मांजर येईन."

त्यांचं ऐकून मी सहा आठवडे न्हाणीघरात मोठमोठ्याने गाणी म्हटली, कारण कडी लागत नव्हती. नवरात्रात दार गुमान बसलं. गाणी थांबली म्हणून बायकोने मिस्त्रींचे आभार मानले.

यंदा त्यांना खिडकीचं वेड लागलं. लाकडाच्या पापडासारख्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या, एकीच्या रेषा उभ्या, दुसरीच्या आडव्या, आणि अशा जोड्यांची खिडकी करायची. लाकूड रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या लांबीत नाही. दमट हवेत बाहेरची फुगते, आतली फुगत नाही, मग जोडी सरळ होऊन खिडकी मिटते. हवा कोरडी झाली की बाहेरची आकसते, पट्टी वळते आणि खिडकी उघडते. ना दोरी, ना वीज. "फुगणं ही लाकडाची खोड नाही भाऊ, अक्कल हाये," असं ते मला बजावत.

पहिला नमुना त्यांनी माझ्या बैठकीत बसवला, कारण मला नाही म्हणता येत नाही. उन्हात खिडकी गच्च बंद. श्रावणातली सर आली आणि सगळ्या पट्ट्या आनंदाने उघडल्या. सोफा भिजला. मिस्त्री कुंपणापलीकडून ओरडले, "चालते ना भाऊ! फक्त बाजू उलटी लागली!"

मी तणतणत त्यांच्या घरात शिरलो. त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, अर्धांगवायू झाल्याचं कानावर होतं. पण इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी आत डोकावलो नव्हतो, याची आता लाज वाटते. काकू खिडकीला लागून खाटेवर होत्या. माझा राग तिथेच विरला.

"तिले रस्त्यावरचे लोक पाहाले आवडते," मिस्त्री हळूच म्हणाले. "खिडकी बंद केली तर कोंडल्यावानी होते. उघडी ठेवून मी कामाले गेलो अन् सर आली, तर भिजत पडून राहते. हाक नाही मारत कोणाले."

तेव्हा मला नवरात्राचा अर्थ लागला. लाकडाची तहान खरीच होती, पण आभाळ भरलेलं असताना हा माणूस घर सोडत नव्हता.

भाद्रपदात बाजू सुलट करून खिडकी त्यांच्याकडे लागली. एका दुपारी मिस्त्री माझ्याकडे चहाला आले. "तीच म्हणाली, एकदा मले एकटीले ठेवून जाऊन पाहा." तेवढ्यात सर कोसळली. त्यांनी बशी खाली ठेवली, पण ते उठले नाहीत. पाच मिनिटं कशीबशी काढली, मग चपला न घालता भर पावसात धावले. मागोमाग मी.

पट्ट्या शिस्तीत मिटल्या होत्या. मिस्त्रींनी उशी चाचपली, चादर चाचपली. सगळं कोरडं. ते खाटेच्या कडेला बसले आणि चक्क रडले.

काकूंनी डाव्या हाताने पदर घेऊन त्यांचं डोकं पुसलं. "मी कोरडी हाये," जड जिभेने म्हणाल्या. "तुम्हीच भिजले. उद्यापासून कामाले जा. लोकायची दारं अडकली असतीन."

"जातो," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले. "घरोघरी जाऊन सांगतो त्याइले, नवरात्रापर्यंत थांबा म्हणून."