हलवासाहेब आऊट

कप्तान हॉलवेसाहेबांची दांडी उडाली, की ती उचलून पुन्हा रोवायची, हे पंच म्हणून माझं काम. "वाऱ्यानं पडली, साहेब," असं मी सांगायचो. वैशाखात अमरावतीला झाडाचं पान हलत नसलं, तरी माझा वारा वाहायचाच.

मी पलटणीच्या कचेरीत कारकून होतो. साहेब विलायतेत आपल्या जिल्ह्याच्या संघातून खेळलेले, तिकडे त्यांचं नाव होतं म्हणे. इकडे लोकांनी त्या नावाचा 'हलवासाहेब' करून टाकला. मराठी ते कापसाच्या गाडीवानांकडून शिकले. त्यामुळे मामलेदारांनाही प्रेमानं विचारायचे, "काहून बे, बरा हायेस?" मामलेदार पागोटं सावरत "हो, हो" म्हणायचे.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस बंद झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. बाजारात जागा पुरेना, म्हणून गाड्या थेट साहेबांच्या मैदानापर्यंत यायच्या. सारं गाव गाडीवानांना कापसाचा भाव विचारायचं, साहेब एकटे विचारायचे, "तुमच्यात चेंडू कोन फेकते?"

फेकायचे सगळेच, पण हळूच. शिपायाला बढती हवी, गाडीवानाला गाडी सोडायला जागा हवी, मला नोकरी हवी. साहेब शंभर-शंभर धावा काढायचे आणि तोंड पाडून तंबूत जायचे. ऊन लागत असेल, असं मी समजायचो.

एके सकाळी वलगावचा कासम पिंजारी कापूस पाहायला आला होता. पिंजण चालवून चालवून त्याचा दंड लोखंडासारखा झालेला. साहेबांनी त्याच्या हातात चेंडू दिला. "जोरानं फेक बे!"

आमची रीत कासमला कोणी सांगितली नव्हती. साहेबांनी सांगितलं तसं त्यानं केलं. मधली दांडी हवेत दोन कोलांट्या खाऊन लांब पडली.

सगळे शिपाई कासमकडे डोळे वटारून पाहू लागले. कासमचा चेहरा उतरला. "माफी करा हुजूर. मले वाटलं, खरंच जोरानं फेका लागते."

मी धावत गेलो. "वारा, साहेब..."

"चूप!" साहेब गरजले. "पंच हायेस ना तू? मंग खरं सांग."

माझ्या डोळ्यांपुढून नोकरी, बायको आणि दोन म्हशी एका रांगेत गेल्या. "आऊट," मी कसाबसा पुटपुटलो.

साहेबांनी बॅट टाकली आणि जाऊन कासमचा हात धरला. तो सोडेचनात.

"नऊ वर्षं झाली मले इथं," ते म्हणाले. "सारे सलाम करून राहिले. माह्यासंग खेळत कोनीच नव्हतं."

मी खाली पाहिलं.

"उद्या येशील?" साहेबांनी कासमला विचारलं. आवाजात हुकूम नव्हता.

"येतो ना," कासम म्हणाला. "पन उद्या दांडू मी धरीन. तुमी फेका. अन् हळू नोका फेकू, साहेब."

साहेब हसून मान डोलावत राहिले.