बाहीचं पेटंट

आमच्या काकांनी एका बड्या कंपनीला एका बैठकीत गुडघे टेकायला लावले. हे घडलेलं नाही. कोणी विचारलंच, तर मी तेव्हा काजं करत होतो आणि मला काही ऐकू आलं नाही.

काका शिंपी. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक कपडे घालून बघायला आत शिरलं की काकूंना मशीन सोडून रस्त्यावर उभं राहावं लागतं. मी पुतण्या, दुकानाचं कायदेशीर डोकं. वकिलीचं पहिलं वर्ष मी दोनदा केलंय, म्हणजे इतरांपेक्षा दुप्पट पक्कं.

तर कंपनीची नोटीस आली. बाही वेगळी कापून मग शर्टाला जोडायच्या पद्धतीचं पेटंट म्हणे त्यांच्याकडे आहे. परवाना विकत घ्या, नाहीतर दुकान बंद करा. ही कंपनी स्वतः साधा रुमाल शिवत नाही. पेटंटं गोळा करते आणि छोट्या दुकानदारांना घाम फोडते. छत्रीची काडी तारेने बांधली म्हणून त्यांची नोटीस आली आणि शेजारच्या छत्रीवाल्याने शटर ओढलं होतं.

"काका, निर्धास्त राहा. मी बोलतो त्यांच्याशी."

"म्हणूनच झोप उडालीय," काका म्हणाले.

कंपनीचा माणूस आला. मी घसा साफ करेपर्यंत त्याने काकूंना हसत विचारलं, "तुमच्याकडे आहे का एखादं पेटंट?"

"आहे की. यांचं. बाहीचं."

"बाहीचं?"

"लग्नाआधीपासूनचं. माझ्या वडिलांचा कोट शिवायला घेतला होता, तेव्हाही तेच."

काकूंना काय म्हणायचं होतं, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. कपडे न्यायला कोणीही, कधीही येवो, काकांचं पेटंट वाक्य एकच: "फक्त बाही राहिलीय."

बाकावर निवृत्त हेडमास्तर शर्टाची वाट बघत बसले होते. "बाहीचं पेटंट यांचंच," ते खिन्नपणे म्हणाले. "किती वर्षं भोगतोय मी."

"म्हणजे? त्रास देतात?"

"अंगावर शर्ट चढू देत नाहीत हो."

माणसाचा चेहरा इस्त्री विसरलेल्या कापडासारखा झाला. कंपनीच्या आधीचं पेटंट, वर अंमलबजावणी इतकी कडक! तो बाहेर जाऊन फोनवर कुजबुजला आणि आत आला तो काकांपुढे हात जोडूनच.

"मास्तर, मिटवून टाकू. नोटिसा मागे घेतो, तुमचीही आणि छत्रीवाल्याचीही. तुम्ही फक्त आमच्यावर दावा लावू नका."

काकांनी गळ्यातली टेप नीट केली. "बरं. नाही लावत."

मी खुलासा करणार होतो, पण काकूंनी माझ्या पायावर पाय ठेवला. त्यांचा पाय मशीन चालवून तयार झालेला आहे.

त्याने तिथेच लिहून दिलं. छत्रीवाल्याचं शटर वर गेलं. गल्ली आता काकांना शास्त्रज्ञ म्हणते, आणि काका नाही म्हणत नाहीत.

एकच बारीक अडचण आहे. जाता जाता तो म्हणाला, "फाइलला लावायला तुमच्या पेटंटची प्रत तेवढी पाठवा."

तरी माननीय पेटंट अधिकारी यांस नम्र विनंती, की शर्टाला बाही असण्याचं पेटंट आमच्या काकांच्या नावे, त्यांच्या लग्नाआधीच्या तारखेने, आठवडाभरासाठी मिळावं. काम झालं की धुऊन, इस्त्री करून परत करू.