सासरेबुवांचा पायराइट

घरात कसला तरी वास येत होता, आणि सासरेबुवांच्या मते तो जावयाच्या मोज्यांचा होता.

"बाबा, मोजे आजच धुतलेत," जावई म्हणाला.

"मग बुटांचा असेल. मूळ कारण तुम्हीच."

सासरेबुवा स्फटिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि जावई खनिज संग्रहालयाचा व्यवस्थापक, त्यामुळे या घरात जेवतानाही दगडांवर वाद व्हायचे. आज मात्र वाद नको होता. सासरेबुवांचा लाडका पायराइट, सोन्यासारखा चमकणारा दगड, उद्या सकाळी समारंभाने जावयाच्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत बसणार होता. हा दगड सासूबाईंच्या हातावर ठेवूनच त्यांनी कॉलेजात असताना लग्नाची मागणी घातली होती. "याच्यातले लोखंड-गंधकाचे बंध पक्के आहेत. हा कधी विटणार नाही, आणि मीही," असं म्हणाले होते. येईल त्या पाहुण्याला सासूबाई हे ऐकवायच्या. "लोक अंगठी देतात, आमच्याकडे दगड आला. पण टिकला हो!"

जावयाला मात्र हा दगड पहिल्यापासून मार्कासाइट वाटायचा. दोन्हींत एका लोखंडाला दोन गंधक, अणू तेच, फक्त मांडणी वेगळी. सामान तेच, पण एका घरात नीट लावलेलं आणि दुसऱ्यात कसंबसं कोंबलेलं. पायराइट सहसा टिकतो. मार्कासाइटला ओल लागली की त्याचं पीठ होतं. पण हे सासऱ्यांना सांगणार कोण? संसार सुखाचा चालला होता. जावयाने निमूटपणे उद्याच्या पाटीवर 'पायराइट' लिहून टाकलं.

एवढ्यात सासरेबुवांची मुलगी स्वयंपाकघरातून ओरडत आली. "अहो, गॅस गळतोय! दिवा लावू नका! पंखा बंद करू नका! श्वास घेऊ नका!"

तिचा आवाज असा, की इमारत रिकामी व्हायला भोंग्याची गरज पडली नाही. वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य अर्ध्या दाताच्या पेशंटला घेऊन खाली आला. पेशंट तोंडात कापूस धरून सगळ्यांना काहीतरी महत्त्वाचं सांगत होता. गॅसवाला आला, त्याने सिलिंडर बंद केला, मग नाक पुढे करून खोलीखोलीतून फिरला आणि कपाटापुढे थांबला.

"गॅस नाही साहेब. यात काय ठेवलंय?"

"माझा उद्याचा कोट!" सासरेबुवा कपाटाच्या आडवे आले. "त्याला कोणी हात लावायचा नाही!"

सासूबाईंनी त्यांना एका बोटाने बाजूला केलं आणि कोट बाहेर ओढला. खिशाचा तळच उरला नव्हता, दगडातून सुटलेल्या आम्लाने तो खाऊन टाकला होता. त्यातून आधी पांढरं पीठ सांडलं, मग चिंधी झालेलं फडकं पडलं आणि शेवटी तो ऐतिहासिक दगड जमिनीवर आपटून त्याचा भुगा झाला. गंधकाच्या वासाने सगळ्यांना एकदम ठसका लागला.

"अगंबाई!" सासूबाई मटकन खाली बसल्या. "मागच्या महिन्यात मीच तर चांगला साबणाने घासला, गरम पाण्यात भिजवला, फडक्यात गुंडाळून यांना दिला."

"आणि मी तसाच खिशात टाकला," सासरेबुवा पुटपुटले. "अगं, फडकं कोरडं तरी घ्यायचंस!"

"केवढा चिकट पापुद्रा चढला होता त्याच्यावर! अक्षरशः सोलून काढला."

जावयाने कान टवकारले. "पापुद्रा? कसला?"

"पारदर्शक. अगदी माझ्या नेलपॉलिशसारखा..." सासूबाई थांबल्या. त्यांची नेलपॉलिशची बाटली वर्षानुवर्षं आपोआप रिकामी व्हायची, आणि दर वेळी बोलणी मुलीने खाल्ली होती.

"आई!" मुलगी किंचाळली. "मी शपथा घेऊन सांगत होते!"

सगळ्यांच्या नजरा सासरेबुवांकडे वळल्या. आयुष्यभर विद्यार्थ्यांना घाम फोडणारा माणूस कोटाच्या भोकातून बोट काढून बघत होता.

"लग्नानंतर भिंगाखाली धरला, तेव्हा कळलं की मार्कासाइट आहे," ते म्हणाले. "पण तोवर तू गावभर सांगून बसली होतीस, कधी विटणार नाही म्हणून. मग काय करणार? हवा लागू नये म्हणून गुपचूप नेलपॉलिश लावत गेलो. तू माहेरी गेलीस की लावायचो."

"म्हणजे मला खोटा दगड दिलात?"

"दगड खराच होता गं. फक्त... नाजूक निघाला."

"मग मी गॅस चालू करू का?" गॅसवाल्याने हळूच विचारलं.

सासूबाई उठल्या. भुग्यात एक तुकडा अजून चमकत होता, तो त्यांनी पदराने पुसला. जावयाने ती संधी साधून पाटीवरचं 'पायराइट' खोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर बिनधास्त 'मार्कासाइट' लिहिलं. सासूबाई आत जाऊन नेलपॉलिशची नवी कोरी बाटली घेऊन आल्या. सासरेबुवांनी अपराध्यासारखा दगडाकडे हात नेला.

"दगडाचं नंतर," म्हणत सासूबाईंनी आपला हात त्यांच्यापुढे धरला.

सासरेबुवा खाली बसले. जीभ दातांत धरून, एक थेंबही इकडे तिकडे न जाऊ देता, सराईतपणे एकेक नख रंगवू लागले. सासूबाई बोटं लांब धरून बघत राहिल्या.

"इतकं छान लावता येतं," त्या म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं दगडाला लावत बसलात!"