हक्काचे वीस डिग्री

कालिंदीचा स्टोव्ह पुन्हा फुरफुरला आणि विझला. गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून तिचा नवरा लवू घरी होता आणि घर तिच्या इडल्यांवर होतं. उद्या सकाळी परळच्या एका ऑफिसात पहिल्यांदाच इडल्या द्यायच्या होत्या. आवडल्या तर रोजची ऑर्डर. रेशनच्या रॉकेलने मात्र असहकार पुकारला होता.

लवूने शेजारच्या अण्णांना बोलावलं. पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेले अण्णा दारूबंदीवर भाषणं देत आणि चोरबाजारातून जुनी यंत्रं आणत. ते हातभर लांबीचा पितळी थर्मामीटर घेऊन आले. जहाजावरचा आहे, असं ते सर्वांना सांगत. स्टोव्ह कसाबसा पेटवला, पाणी उसळू लागलं, अण्णांनी थर्मामीटर बुडवला. पारा ऐंशीवर जाऊन बसला.

"पाणी शंभराला उकळतं," अण्णा म्हणाले. "हे ऐंशीवरच उकळल्याचं सोंग करतंय. रॉकेलात दम नाही."

"पण अण्णा, माझं बोट भाजलं ना," कालिंदी म्हणाली.

"ते ऐंशीने भाजलं. शंभराने भाजलं असतं तर कळलं असतं."

घोषणांचा सराव असलेली आणि दिवसभर मोकळी असलेली माणसं चाळीत भरपूर होती. संध्याकाळी रेशन दुकानावर मोर्चा निघाला. 'आमच्या हक्काचे वीस डिग्री मिळालेच पाहिजेत!' थर्मामीटर उभा धरून अण्णा पुढे, रिकामा डबा घेऊन कालिंदी मागे.

कॉलेजात फिजिक्स शिकवणारी अण्णांची मुलगी मृणालिनी वाटेत भेटली. तिने पितळेवरची अक्षरं वाचली आणि वडिलांच्या कानाशी लागली.

"अण्णा, हे रेओमूरचं जुनं माप आहे. यात पाणी ऐंशीलाच उकळतं."

"मग जहाजावर..."

"जहाज कसलं? बिअरच्या कारखान्यातला आहे हा. खाली कोरलंय."

मागच्याच आठवड्यात अण्णांनी सत्यनारायणाच्या शिऱ्याचं दूध याच थर्मामीटरने मोजलं होतं. थांबा म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले. मोर्चाला वाटलं, आवाज वाढवा.

दुकानदार बुधाजीने एवढं मोठं यंत्र कुठल्याच इन्स्पेक्टरकडे पाहिलं नव्हतं.

"वीस कोण बोलतो?" तो कळवळून म्हणाला. "आईशपथ, मी दहाच टक्के पाणी घालतो."

आता कोणती घोषणा द्यायची हे मोर्चात कोणालाच सुचेना. कालिंदीने पुढे होऊन डबा फळीवर ठेवला.

"न उघडलेल्या पिंपातलं भर."

सकाळी स्टोव्ह निळाशार जळला. इडल्या पोचवून लवू परतला तो रोजची ऑर्डर घेऊनच. कालिंदीने चहाचं आधण ठेवलं आणि अण्णांना मापायला बोलावलं. शंभर आपल्या डोळ्यांनी बघायचेत म्हणाली. अण्णांनी थर्मामीटर बुडवला. पारा ऐंशीवर जाऊन बसला.

"किती, अण्णा?" लवूने मान पुढे काढली.

अण्णांनी थर्मामीटर घाईने बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"उकळलंय," ते म्हणाले. "साखर टाक."