गेंदालालचं चुकलंच पाहिजे

नाना मोघे रोज सकाळी बाल्कनीत उभे राहून चुकीचे पाढे म्हणत.

पुटपुटत नव्हे, खणखणीत आवाजात. एका हातात चहाचा कप आणि दुसरा हात कठड्यावर ताल धरायला. "बे एके बे, बे दुणे पाच, बे त्रिक पावशेर, बे चोक गुरुवार!" मराठी झालं की ब्लॉकमधल्या बाकीच्या बिऱ्हाडांसाठी हिंदी. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये निम्म्या भारतातली माणसं राहत, आणि नानांना कोणावर अन्याय झालेला खपत नसे. "दो दूनी पाँच" झालं रे झालं की समोरच्या, बाजूच्या, खालच्या खिडक्यांतून दात घासणारी पोरं फेसासकट ओरडायची, "चार, अंकल, चार!"

"अच्छा? पक्का?" नाना विचारायचे. "मुझे तो किसी ने पाँच बताया था."

खालचे शर्माजी एकदा वर बघून म्हणाले, "मोघे साहब, बच्चे का इम्तहान है. क्यों बिगाड़ रहे हैं?"

"बिगाड़ कहाँ रहा हूँ? वह तो मुझे सुधार रहा है!"

तर हे आमचे एकटेच राहणारे शेजारी, आणि माझे ऑफिसातले सहकारीही. आमच्या केंद्रात शाळेच्या मुलांसाठी टीव्हीचे कार्यक्रम होत. टीव्ही तेव्हा काळा-पांढरा होता आणि बहुतेक मुलं तो घरी नव्हे, शाळेतच बघत, एका सेटपुढे पन्नास-साठ जण दाटीवाटीने बसून. मी तिथे प्रॉडक्शन असिस्टंट होते. कोण कुठे उभं राहणार, खडू कोण आणणार, घड्याळ कोण बघणार, हे सगळं माझ्याकडे. नाना कॉलनीत मला 'वहिनी' म्हणत आणि ऑफिसच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की 'मॅडम'. डीटीसीच्या बसमधून "वहिनी, छत्री राहिली" म्हणत उतरायचे आणि फाटक ओलांडल्यावर तीच छत्री "मॅडम, आपली छत्री" म्हणून माझ्या हातात द्यायचे.

कागदोपत्री नाना होते स्टोअरकीपर. बाहुल्या त्यांच्या ताब्यात असत, हातात नसत. पण एकदा रेकॉर्डिंगच्या दिवशी आमचा बाहुलीवाला कलाकार दुसरीकडे नोकरी लागली म्हणून आलाच नाही. स्टुडिओत दिवे लागलेले, कार्यक्रम सादर करणारी दीदी साडी सारखी करून बसलेली, आणि नाना एक बाहुला छातीशी धरून दारात उभे. कोणीतरी सही केल्याशिवाय ते वस्तू सोडेनात, आणि सही करणारा तर गेलेला. शेवटी त्यांनी स्वतःच सही केली, स्वतःच स्वतःला बाहुला दिला, स्वतःच तो घेतला, आणि पडद्यामागे जाऊन उकिडवे बसले. त्यानंतर तो बाहुला परत जमा झालाच नाही.

तो बाहुला म्हणजे गेंदालाल. गेंडा. दर आठवड्याला दीदी मुलांना काहीतरी शिकवायची आणि शेवटी पुठ्ठ्याच्या झोपडीच्या खिडकीतून गेंदालाल डोकं बाहेर काढायचा. दीदी त्याला प्रश्न विचारायची, तो छाती फुगवून चुकीचं उत्तर द्यायचा आणि सगळी मुलं ओरडून त्याला दुरुस्त करायची. एवढाच खेळ. पण ज्या शाळांत टीव्ही पोचला होता तिथून आमच्याकडे पोस्टकार्डांचा पाऊस पडायचा. "गेंदालाल को बताना कि मछली पेड़ पर नहीं रहती." "गेंदालाल बुद्धू है लेकिन अच्छा है."

आता चुकीचं उत्तर द्यायला काय अक्कल लागते, असं मीही एकदा बोलून गेले. नाना फिस्कारलेच.

"मॅडम, बरोबर उत्तर एकच असतं. ते काय, कोणीही देईल! चुकीची किती असतात? त्यातून चांगलं निवडायचं असतं. चार दुणे आठच्या जागी नऊ म्हटलं तर तो नुसता गाफीलपणा झाला. त्यात मजा नाही आणि ज्या पोराचा पाढा कच्चा आहे त्याला शंका येते, नऊच असेल बहुतेक. चार दुणे भोपळा म्हटलं, तर सगळ्यात मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा उठून उभा राहतो. चूक अशी हवी की सगळ्यांना पकडता आली पाहिजे!"

स्क्रिप्ट वाचताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे: "हे जरा जास्तच बरोबर होतंय." ते वाक्य ते कशालाही लावत. माझ्या टाइमटेबलला. माझ्या साबुदाण्याच्या खिचडीला. आमच्या ह्यांच्या भांगाला.

एकदा गेंदालालचा एक डोळा पडला. बटणाचा होता. मी सरोजिनी नगरच्या बाजारातून जाता जाता घेऊन येते म्हटलं, तर नाना घाबरेच झाले. त्यांच्याबरोबर करोल बागेत जावं लागलं. त्या गर्दीत, त्या उन्हात, चार दुकानं झाली. पाचव्यात त्यांनी दोन बटणं दोन चिमटीत धरून दुकानदाराच्या नाकासमोर नेली. "भाईसाहब, ज़रा गौर से देखिए. इन दोनों में कम अक़्लवाला कौन-सा है?"

दुकानदार पिढीजात बटणवाला. त्याने चष्मा लावला, दोन्ही बटणं नीट पाहिली आणि डावीकडचं उचललं. "यह. यह बिल्कुल कोरा है."

"देखा!" नाना मला म्हणाले. "जाणकार माणूस."

आणि नेमका अशा नानांच्याच हातून एकदा अपघात घडला. सूर्य कुठे उगवतो, असं दीदीने विचारलं. गेंदालालने सांगायचं होतं, "रेलवे स्टेशन के पीछे." नानांना त्या दिवशी ताप होता, आणि त्यांच्या तोंडून गेलं, "पूरब में." दीदीने डोळे मोठे केले. स्टुडिओतली मुलं ओरडायला तोंड उघडून तशीच राहिली. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता, तसंच प्रसारित झालं. पुढच्या आठवड्यात पोस्टकार्डं आली. सगळ्यांचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच: "गेंदालाल की तबीयत तो ठीक है ना?"

नाना दोन दिवस रजेवर गेले. तापासाठी नाही. लाज वाटली म्हणून.

मग आमच्याकडे नवीन उपसंचालक आले, मेहरासाहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं सुरळीत लागे, आणि मला ते पहिल्या दिवशी आवडलेसुद्धा. त्यांनी गेंदालालचे भाग लावून बघितले आणि मीटिंग बोलावली.

"सरकारी टीव्ही पर ग़लत जवाब? यह बच्चों को क्या सिखा रहे हैं हम?"

"सर, बच्चे उसे सही कर देते हैं," मी म्हटलं.

"तो वह पहले से सही क्यों नहीं बोलता? बच्चों का टाइम बचेगा."

ठरलं ते असं: पुढच्या रेकॉर्डिंगला तिघांची कमिटी बसणार. त्यात गेंदालाल बरोबर उत्तरं देणार. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर गेंदालाल बंद आणि नाना परत स्टोअरमध्ये.

घरी जाताना बसमध्ये नाना खिडकीतून बाहेर बघत बसले. आयएनए मार्केट मागे पडल्यावर बोलले.

"वहिनी, वर्गात शेवटून दुसरा नंबर असला ना, तरी मूल तग धरतं. शेवटून पहिला आला की त्याचा आवाज जातो. मग उत्तर येत असलं तरी ते बोलत नाही. म्हणून शेवटची जागा गेंदालालने अडवून ठेवलीये. ती सोडून तो पुढे येऊन बसला, तर तिथे कोण बसणार?"

"हे मेहरांना सांगा की, नाना."

"गेंदालालच्या आवाजात सांगू? माझ्या आवाजात माझं कोण ऐकतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाल्कनीत आले आणि बरोबर पाढे म्हणायला लागले. सराव! बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. दहापर्यंत गेले. मग हिंदी. एकही खिडकी उघडली नाही. मी पोळ्या लाटत होते, मला कसंसंच झालं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी सगळं चोख ठेवलं होतं. कमिटीला खुर्च्या, पाणी, पंखा. महापालिकेच्या शाळेतली तीसेक मुलं सतरंजीवर. झोपडीच्या मागे नाना. त्यांचा एक नियम होता: मुलं स्टुडिओत यायच्या आधी आत जाऊन बसायचं आणि शेवटचं मूल गेल्याशिवाय बाहेर यायचं नाही. गेंदालालच्या खाली मोघे नावाचा टक्कल पडलेला माणूस आहे हे एकाही मुलाला दिसता कामा नये. त्यामुळे मुलांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनीही मुलांचे फक्त आवाज ऐकले होते. मी स्क्रिप्ट घेऊन त्यांच्या शेजारीच बसले होते.

"गेंदालाल, गाय कितने पैरों पर चलती है?"

"चार."

मुलं गप्प.

"बर्फ ठंडी होती है या गरम?"

"ठंडी."

एका मुलाने जांभई दिली. कमिटीतल्या वयस्कर बाईंनी घड्याळ पाहिलं. मेहरासाहेब मात्र मान डोलवत होते. गेंदालाल खिडकीत ताठ उभा, हुशार पोरासारखा, आणि खाली नाना घामाने भिजलेले.

मुलं बोलेनात तेव्हा दीदीने आपणच एकीला उभं केलं. पहिल्या ओळीतली, लांब बाही दुमडलेली एक मुलगी. रज्जो. "रज्जो, तुम बताओ. हफ़्ते में कितने दिन होते हैं?"

रज्जोने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "पाँच."

सगळा वर्ग हसला. मोठ्याने, एकदम. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, पाँच कहती है!" रज्जो तशीच उभी. हात फ्रॉकच्या घडीत, मान खाली. मला खिडकीच्या फटीतून दिसत होती. नानांना दिसत नव्हती. त्यांना फक्त ते हसू ऐकू येत होतं, आणि गेंदालालच्या पायाशी कितीतरी वर्षं बसलेल्या माणसाला हे हसू कोणतं ते बरोबर कळलं.

माझ्या हातातल्या स्क्रिप्टमध्ये पुढची ओळ होती, 'गेंदालाल: सात.'

"पाँच?" गेंदालाल किंचाळला. "इतने सारे? मैं तो समझता था दो होते हैं! एक इतवार, और एक बाक़ी सारा!"

मग सतरंजी उसळली. "नहीं! गेंदालाल, नहीं!" आता हसू सगळं झोपडीकडे वळलं. मेहरासाहेब अर्धे उठले. मघाच्या आवाजाच्या अंदाजाने गेंदालालने थेट रज्जोकडे तोंड वळवलं. "तू बता. तू तो मुझसे तीन ज़्यादा जानती है. सोमवार कहाँ रखूँ?"

"अलग रख, बुद्धू!" रज्जो म्हणाली. तिने मान वर केली, बोटं काढली. "सोम, मंगल, बुध..." आणि शनीवर तिचं सहावं बोट पडलं, तशी ती थबकली. आता कोणी हसलं नाही. "और इतवार," ती म्हणाली. "सात! गेंदालाल, सात होते हैं! याद रखना!"

"सात? पक्का?"

"पक्का!" सगळी सतरंजी ओरडली. मीसुद्धा. वयस्कर बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

रेकॉर्डिंग संपून मी झोपडीमागून बाहेर आले, तेव्हा मेहरासाहेब माझ्यापाशी आले. "यह स्क्रिप्ट में था?"

"नहीं, सर."

"तो?"

"अगली बार से लिख लेंगे, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं. मुलं एकमेकांना कोपराने ढोसत 'एक बाक़ी सारा' म्हणत होती. "देखते हैं," ते म्हणाले आणि गेले. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नापसंत असतं तर ते 'लिखकर दीजिए' म्हणाले असते. 'देखते हैं' म्हणजे चालू ठेवा. मी झोपडीमागे जाऊन नानांना अंगठा दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

शाळेच्या बाईंनी मुलांची रांग केली, रांग बाहेर गेली. आणि रांगेतून निसटून रज्जो परत आली. नाना अजून खालीच होते, गेंदालाल खिडकीवर मान टेकून पडला होता. तिने त्याला टिचकी मारली. तो दचकून उठला.

"ए. तेरे घर में कौन-कौन है?"

हा प्रश्न पोस्टकार्डांवर नेहमी यायचा, आणि त्याला गेंदालालचं ठरलेलं उत्तर होतं: बारा हत्ती आणि एक ठाणेदार. मी वाट पाहिली.

"कोई नहीं," गेंदालाल म्हणाला.

रज्जोने विचार केला. "तो ग़लत बोलने पर टोकता कौन है?"

"तुम लोग टोकते हो ना."

"हम तो हफ़्ते में एक ही दिन टोकते हैं."

"हाँ," गेंदालाल म्हणाला. "और हफ़्ते में दिन होते हैं सात."

"सही!" रज्जो म्हणाली आणि तिने त्याच्या दोन्ही कानांना धरून त्याला जवळ ओढलं. ती त्याच्या कानात खूप वेळ काहीतरी सांगत राहिली. मला ऐकू आलं नाही. खाली नाना मान तिरकी करून, श्वास रोखून ऐकत होते.

लाइटवाला स्विचबोर्डापाशी जाऊन उभा होता. पुढच्या रेकॉर्डिंगचा सेट लावायला उशीर होत होता, आणि तो माझाच जिम्मा. "मैडम, बंद कर दूँ?" त्याने विचारलं.

"रुको," मी म्हटलं.