राष्ट्रीय डाग

जावईबापूंचा स्वतःच्या हातावर भारी भरवसा. लाँड्री चालवणाऱ्या माणसाला तो असावाच लागतो म्हणा! शाई असो, गंज असो, लिपस्टिक असो, डाग यांच्या दुकानाची पायरी चढला की त्याचे दिवस भरलेच. "डाग कसला, ते नुसत्या वासावर सांगतो मी!" असं ते ऐटीत सांगायचे आणि लोकांच्या शर्टात नाक खुपसायचे.

त्या दिवशी बायको बाजारात गेली होती. दुपारी राष्ट्रीय कलासंग्रहालयाचे कलातज्ज्ञ घरी येणार होते, तिच्या दिवंगत वडिलांनी जलरंगात काढलेलं निसर्गचित्र बघायला. सासरे जन्मभर कचेरीत खर्डेघाशी करून सुट्टीच्या दिवशी रंगवत बसायचे. तैलरंगवाले मोठे चित्रकार त्यांना 'पाणीवाले' म्हणून हिणवायचे. आता तेच पाणी राष्ट्राच्या भिंतीवर चढायची वेळ आली होती. "बाबांना एकदा तिथं बघू दे, मग मला काही नको," बायको सारखी म्हणायची. म्हणताना तिचे डोळे भरून यायचे.

काच पुसावी म्हणून जावईबापूंनी चित्र चौकटीतून काढलं. बघतात तर काय, नदीकाठी हा भलामोठा तपकिरी डाग! त्यांनी नाक लावलं. चहा! जुना, दूध घातलेला!

"आमच्या घरातून हे असं जाणार? लोक काय म्हणतील!"

झालं! कापूस आला, खास बाटली आली, जीभ दातांत आली. नदीला धक्का नाही, झाडांना ओरखडा नाही आणि डाग साफ! जावईबापूंनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

बायको आणि कलातज्ज्ञ दारात एकदमच आले. तज्ज्ञांनी चित्राकडे पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.

"टेकडी कुठाय?"

"कसली टेकडी?"

"अहो, नदीकाठची तपकिरी टेकडी! आपल्या देशाच्या निसर्गचित्रकलेला स्वतःची माती सापडली ती तिथं! जुन्या फोटोवरून आख्खं पुस्तक लिहिलंय मी तिच्यावर!"

"ती होय! ती काढली मी," जावईबापू अभिमानाने म्हणाले. "चहा होता."

तज्ज्ञ मटकन खुर्चीत बसले. "पुस्तक छापून झालंय हो! टेकडी नसेल तर या चित्राला दालनात जागा नाही. आणि मला नोकरी नाही!"

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की बाटलीतलं औषधसुद्धा आटावं.

तज्ज्ञ मग हळूच उठले. "मी जरा गॅलरीत उभा राहतो. आत आलो तेव्हा टेकडी जागेवर असली, तर मी काही पाहिलेलं नाही."

जावईबापूंनी चहा करून ड्रॉपर भरला. पण हात डाग काढायला शिकलेला, पाडायला नव्हे! गिऱ्हाइकाच्या शर्टावर जन्माचा चिकटणारा चहा इथे धरेचना. दुसऱ्या खेपेला धरला, तर त्याचं बदक झालं.

"उतार डावीकडे हवा!" गॅलरीतून, पाठ फिरवूनच, सूचना आली.

"बदकाला कसला उतार?" जावईबापू रडकुंडीला आले. बदक टिपून काढताना त्यांना दरदरून घाम फुटला.

"व्हा बाजूला!" बायको म्हणाली. तिने कप उचलला, कोपराला एक झटका दिला आणि फस्सकन चहा सांडला. वाळल्यावर तज्ज्ञ आत आले आणि टेकडी बघून त्यांनी हातच जोडले.

"काय ही माती! काय हा धीट हात!"

चित्र लागलं, अगदी मुख्य दालनात. उद्घाटनाला गर्दी लोटली. वडिलांचं नाव वाचताना बायको हमसून हमसून रडली. तज्ज्ञ छडीने टेकडी दाखवत बोलत होते, "याच एका फटकाऱ्यातून राष्ट्रीय कलेला नवी दिशा मिळाली!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

जावईबापू बायकोच्या कानाशी लागले. "अगं, मला कळत नाही, तुला एका झटक्यात इतकं हुबेहूब जमलं कसं?"

"पहिल्या वेळीही मीच सांडला होता," डोळे पुसत ती म्हणाली. "आणि आता टाळ्या वाजवतायत मेले! तेव्हा बाबांनी पाठीत असा धपाटा घातला होता, की दोन दिवस मला उताणं झोपता येत नव्हतं!"