मयताचं रॉकेल

धर्माजीची नात जिजा हिचं बारसं झालं त्याच साली, म्हणजे चौऱ्याहत्तरला, सरकारला मुंबईच्या समुद्रात तेल सापडलं. बारशाला कुणीतरी ट्रान्झिस्टर आणला होता, त्यावर बातमी लागली. धर्माजी पाळण्याची दोरी ओढता ओढता म्हणाला, "पोर पायगुणाची हाय. आता रॉकेलची लाइन सुटली."

पोर शाळेत जायला लागली तरी लाइन सुटली नव्हती. उलट कोंडाजीच्या रेशन दुकानापासून वळण घेऊन ती रस्त्यापर्यंत गेली होती. कर्जत-चौक रस्त्यावर विजेचे खांब होते, पण ते बौद्धवाडीकडे पाठ करून उभे होते.

अशा वेळी सरकारने वाडीत प्रौढांचा साक्षरता वर्ग उघडला. दिवसा सगळे कामावर, म्हणून वर्ग विहारात दिवेलागणीला भरायचा. शिकवायला शिळफाट्याच्या कारखान्यात जाणारा नामा मास्तर. शिकायला धर्माजी, बुधाजी, पुतळाबाई, ठकूबाई आणि आणखी चार-पाच जणं. सरकारने पाट्या दिल्या, पुस्तकं दिली, कंदीलही दिला. कंदिलात घालायचं तेवढं दिलं नाही.

धर्माजीला घाई होती. विहाराच्या भिंतीवर छप्पन सालच्या प्रतिज्ञा रंगवलेल्या होत्या. त्या त्याने तेव्हा गर्दीत उभं राहून दुसऱ्याच्या मागून म्हटल्या होत्या. आपण काय कबूल केलं ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

पुस्तकातला पहिला धडा असा होता: 'समुद्रात तेल सापडले. ते तेल देशाचे आहे. देश म्हणजे आपण.' धड्याच्या तिसऱ्या ओळीला कंदील विझला.

तेव्हा चौक गावात हायवेला, टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर 'तेल-प्रकाश समन्वय कक्ष' नावाची कचेरी नव्याने निघाली होती. धर्माजी आणि नामा तिथे अर्ज देऊन आले. दिवाळी गेली, उत्तर नाही. जानेवारीत पुन्हा माळा चढले. साहेबांनी कपाट उघडून बघितलं.

"तुमचा अर्ज कुलाबा जिल्ह्यात केलेला आहे," साहेब म्हणाले.

"व्हय साहेब. आमी जिल्ह्यातलेच हाव."

"या महिन्यापासून कुलाबा जिल्हा राहिलेला नाही. आता रायगड आहे. जो जिल्हाच नाही, त्यातला अर्ज मी कसा वाचू?"

"गाव तर तितंच हाय."

"गावाबद्दल कक्षाची काही तक्रार नाही."

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी भिंतीवरचा नकाशा दाखवून समजावून सांगितलं. समुद्र दिल्लीचा. त्यातलं तेलही दिल्लीचं. तिथे लोखंडी मचाण उभं करून दिल्ली ते काढते आणि पाइपाने उरणला आणते.

"उरण आपल्याच जिल्ह्यात की," धर्माजी म्हणाला.

"जिल्ह्यात येतं, आजोबा. जिल्ह्यासाठी येत नाही."

"आन् ही मचाणावर जाळाची खूण कसली?"

"तेलाबरोबर वायू निघतो. तो साठवायची सोय अजून व्हायची आहे, म्हणून तिथेच जाळतात. रात्रंदिवस."

धर्माजीने त्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आमचा वर्ग तितंच न्या मग. बोटीत बसू."

साहेबांनी हसून विषय बदलला. रॉकेल तीनच बाबींवर मिळतं, म्हणाले. स्वयंपाक, सण आणि अंत्यविधी. शिक्षण ही बाब त्यात नाही. त्यातल्या त्यात अंत्यविधी तातडीचा, सरपंचाची चिठ्ठी दाखवली की त्याच दिवशी पाच लिटर. "शासन कुणाला अडवून ठेवत नाही," साहेब म्हणाले.

संध्याकाळी ही हकिगत ऐकून पुतळाबाई म्हणाली, "मंग मला मारा. नायतरी सून रोज मारतेच हाय तोंडानं."

"तू गप गं," धर्माजी म्हणाला. "पयला मान माझा. छप्पन साली जुना धर्माजी मेला का नाय? मी सोता त्याला नागपुरात ठेवून आलो. त्याचं रॉकेल अजून कुनी उचललं नाय."

नामा मास्तराला हे कुठे खोडावं ते कळेना. सरपंचालाही कळलं नाही. त्याने खरं तेच लिहिलं: 'जुना धर्माजी वारला.' कोंडाजीने चिठ्ठी पाहिली, समोर उभ्या धर्माजीकडे पाहिलं, आणि "वाईट झालं," असं म्हणून डबा भरून दिला.

मग रीतच पडली. बुधाजीने दारू सोडली तेव्हा आधीचा बुधाजी मेला होता, त्याचे पाच लिटर आले. ठकूबाई लग्नात नाव बदलून ठकू झाली होती. माहेरची येसू तेव्हाच गेली होती. "लई गुणाची होती रं," असं म्हणून तिने डोळ्याला पदर लावला आणि डबा उचलला. पुतळाबाई दोनदा मेली. त्या तेलावर वर्ग चालला. उन्हाळ्यापर्यंत सगळी माणसं वाचायला लागली, आणि कागदावर एकही जिवंत राहिला नाही.

कक्षाच्या हे लक्षात आलं. साक्षरता वर्ग निघाल्यापासून वाडीत मरणाचं प्रमाण वाढल्याचा तक्ता तयार झाला. आधी साथ समजून डीडीटीचे फवारणीवाले येऊन घरं पांढरी करून गेले. मग पावसाच्या तोंडावर जीपमधून साहेब स्वतः आले. मयतांनी त्यांना चहा दिला.

"वाचा आजोबा," साहेब म्हणाले.

धर्माजीने पुस्तक डोळ्याशी धरून वाचलं. "समुद्रात तेल सापडले. ते तेल देशाचे आहे. देश म्हणजे आपण." मग बोट ओळीवर तसंच ठेवून विचारलं, "साहेब, आपण म्हंजे कोन कोन?"

"ते पुढच्या पुस्तकात आहे."

"ते कवा येनार?"

"हा वर्ग उत्तीर्ण झाला की."

"मंग करा की उत्तीर्ण."

"वाचन उत्तम आहे. पण मयत व्यक्तीला प्रमाणपत्र देण्याची तरतूद नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच हळवा झाला होता. जीपमध्ये बसण्यापूर्वी त्यांनी शेरा लिहिला: 'साक्षरता जीवितास घातक आढळल्याने वर्ग बंद करण्यात यावा.'

कंदिलात तळाला थोडं तेल उरलं होतं. त्यावर धर्माजी रोज भिंतीपुढे बसायचा आणि एक ओळ वाचून झाली की वात खाली करायचा. शेवटच्या दोन ओळी राहिल्या तेव्हा त्याने तापाने अंथरूण धरलं. तो उठलाच नाही.

आषाढाची झड लागलेली, लाकडं ओली. नामा सरपंचाची चिठ्ठी घेऊन कोंडाजीकडे धावला. कोंडाजी ओशाळून म्हणाला, "धर्माजीचं उचललंय रं आधीच. एका मानसाला दोनदा मरता येत नाय आता. पुतळाबाईपासनं नियम झालाय."

नामाने विहारातला कंदील आणला आणि उरलेलं तेल सरणावर ओतलं. लाकडं धुमसली, मग पेटली. जाळ हायवेवरून दिसला. कक्षाच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद 'समुद्रातील तेलाचा ग्रामीण भागास प्रत्यक्ष लाभ' या सदरात आहे.

देश म्हणजे आपण, हे तुम्हीही शाळेत वाचलं असेल, आणि दिव्याखालीच वाचलं असेल. आपण म्हणजे कोण कोण, हे तुम्ही मात्र कुणाला विचारलं नाहीत, म्हणून तुम्हाला प्रमाणपत्र मिळालं. पुढचं पुस्तक बौद्धवाडीत अजून आलेलं नाही. धर्माजी सन एकोणीसशे एक्याऐंशीच्या आषाढात वारला.